पोपटाची वज्री, मांजरीचं पाकीट

हॅलो किटीचा चेहरा काढायला फार थोडं लागतं. एक आडवा लंबगोल, वर दोन कान, डोळ्यांच्या जागी दोन काळे उभे ठिपके, नाकाच्या जागी एक पिवळा आडवा ठिपका, दोन्ही गालांवर तीन-तीन मिश्या आणि डाव्या कानावर लाल बो. तोंड नाहीच. एवढ्याशा सामग्रीवर युको शिमिझू या चित्रकर्तीने १९७४ साली जपानच्या सान्रिओ कंपनीसाठी हे मांजर उभं केलं. आज आमच्या कुरकुंभच्या दुकानांतही ते वह्यांवर, बाटल्यांवर, केसांच्या क्लिपांवर भेटतं. माझ्या भाचीच्या गळ्यातल्या छोट्या पाकिटावरही तेच आहे. जपानी लोक या साऱ्या गोंडस दुनियेला ‘कवाई’ म्हणतात. पोरांचा नाद म्हणून तिच्याकडे काणाडोळा करणं सोपं आहे. पण एखादी कविता वाचावी तशी ती ओळीओळीने वाचली, तर फार आनंद देते.

या चेहऱ्यात डोळे आणि नाक जवळजवळ एका पातळीवर आहेत, आणि तेही चेहऱ्याच्या खालच्या भागात. त्यामुळे कपाळ मोठं दिसतं आणि दोन डोळ्यांत ऐसपैस अंतर राहतं. डोकं अंगापेक्षा मोठं. ही सगळी ठेवण तान्ह्या बाळाची. अशी ठेवण पाहिली की माणसाला आपोआप जवळ घ्यावंसं वाटतं, असं कोनराड लॉरेन्झ या प्राणिवर्तन-अभ्यासकाने १९४३ मध्ये मांडलं होतं. शिमिझूंची खरी करामत मात्र त्या बोमध्ये आहे. बो नसता तर चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा, रस्त्यावरच्या पाटीवरच्या खुणेसारखा कोरडा झाला असता. एका कानावरच्या त्या लाल बोमुळे तोल किंचित ढळतो आणि सकाळी घाईघाईत कुणीतरी हिची वेणीफणी करून दिली आहे असं वाटतं. चित्रात न दाखवलेलं आख्खं घर तो बो उभं करतो.

सुट्टीत तेच पाकीट गळ्यात अडकवून भाची माझ्याबरोबर पुण्याला आली. सोलापूर रस्त्याने एसटी, मग स्वारगेट आणि तिथून बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) आयुष्यभर फिरून रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव या संग्रहालयाला दिलं. एका मुलाच्या नावाने उभ्या राहिलेल्या या वास्तूत दिवे, अडकित्ते, करंडे, फण्या असा सगळा घरगुती पसारा आहे. मुलांना तिथे परकं वाटत नाही, कारण मांडलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुणाच्या ना कुणाच्या हाताळणीतली आहे.

भाची थबकली ती वज्र्यांपाशी. पितळी वज्री, मुठीत मावेल एवढी. तळाला आडव्याउभ्या रेघा मारून केलेली खरखर, टाचांचा मळ निघावा म्हणून. आणि वर, जिथे बोटं धरायची तिथे, एक पोपट. बाकदार चोच, फुगीर छाती, अंगावर पिसांच्या बारीक रेघा. काही वज्र्या आतून पोकळ असतात आणि पोटात खडे असतात. घासायला लागलं की त्या वाजतात. मी हे सांगत होते तेवढ्यात तिने विचारलं, “आत्या, पाय घासायच्या वस्तूवर पोपट कशाला?”

मी तिच्या पाकिटाकडे बोट दाखवलं. “आणि पैसे ठेवायच्या पाकिटावर मांजर कशाला?”

सगळी मेख या दोन प्रश्नांत आहे. टाचा घासणं हे काम रोजचं, कंटाळवाणं, कुणी कौतुक न करण्यासारखं. तरीही ओतारी ती वस्तू ओतताना थांबला आणि न्हाणीघरातल्या बाईच्या बोटांना धरायला त्याने एक पक्षी दिला. सान्रिओची गोष्ट याहून फार वेगळी नाही. शिंतारो त्सुजी यांनी १९६० मध्ये कंपनी काढली तेव्हा तिचा धंदा रेशमाचा होता. पुढे रबरी चपला विकताना त्यांच्या ध्यानात आलं की चपलेवर एखादं फूल रंगवलं की तीच चप्पल लोक हौसेने उचलतात. किटीचा पहिला अवतारही साध्या वापराच्या वस्तूवर झाला: सुट्टी नाणी ठेवायचं एक लहानसं पाकीट, त्यावर दुधाची बाटली आणि माशाचं भांडं यांच्या मधोमध बसलेली किटी. कुठे चप्पल, कुठे वज्री, पण दोन्हींकडे पायाच्या धुळीशी संबंध असलेल्या वस्तूला कुणीतरी लळा लावला आहे.

रस मात्र दोन्हींचा वेगळा. आपला कारागीर भरून देतो. पीस, चोच, नाद, वजन, काही म्हणून राखून ठेवत नाही. पोपट पुरा झालेला असतो, बघणाऱ्याने त्याला दाद द्यायची. शिमिझूंची रेघ उलट काढून घेत जाते आणि शेवटी तोंडही काढून घेते. तोंड नाही म्हणून किटी हसतही नाही, रुसतही नाही. बघणाऱ्याच्या मनात असेल तो भाव तिच्या चेहऱ्यावर उमटतो. संग्रहालयाच्या पायऱ्यांवर बसून मी भाचीला विचारलं, आत्ता किटीला कसं वाटतंय? तिने पाकीट नीट निरखलं आणि म्हणाली, “तिला भूक लागलीय.” चित्राचा उरलेला अर्धा भाग पोरगी स्वतः पुरा करत होती.

लहानग्या गोष्टींचं हे कौतुक जपानने काल-परवा बाजारासाठी शोधलेलं नाही. हजारएक वर्षांपूर्वी सेई शोनागोन या दरबारी लेखिकेने आपल्या टिपणवहीत जीव लावणाऱ्या इवल्या गोष्टींची यादीच केली होती. क्योतोच्या कोझानजी मंदिराच्या जुन्या चित्रगुंडाळ्यांत ससे आणि बेडूक कुस्ती खेळतात. या परंपरेचा एक धागा पुण्यातूनही जातो. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. त्या मूळ बागेजवळच ताकेहिसा युमेजी या चित्रकाराचं संग्रहालय आहे. युमेजी त्याच मुलखातला. १९१४ मध्ये त्याने तोक्योत एक दुकान काढलं आणि स्वतःच्या चित्रांचे कागद, पाकिटं, असल्या बारीकसारीक वस्तू विकायला ठेवल्या. चित्र भिंतीवरून उतरून मुलींच्या हातात गेलं. किटीचं पाकीट याच वाटेवरचं आहे.

हे सगळं शेवटी विकायचंच ना, अशी शंका कुणी काढेल. विकायचंच. वज्रीही विकायलाच केलेली होती. विकाऊ वस्तू जीव ओतून केली की पुढे ती जपून ठेवावीशी वाटते. म्हणून वज्री केळकरांच्या संग्रहात आली आणि म्हणूनच किटीच्या पन्नाशीचं प्रदर्शन २०२४ च्या नोव्हेंबरात तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात भरलं. शिवाय गोंडसपणा माणसाला सैल करतो असंही नाही. तेव्हा हिरोशिमा विद्यापीठात असलेल्या हिरोशी नित्तोनो यांच्या २०१२ च्या प्रयोगांत प्राण्यांच्या पिल्लांची चित्रं पाहिल्यावर लोकांनी नाजूक हाताचं काम अधिक सांभाळून केलं. ज्याची काळजी घ्यावीशी वाटते, त्याच्यापाशी हात आपोआप हळू होतो.

मला त्या दिवशी हेच पटलं. मुलांना संग्रहालयात नेताना त्यांच्या गळ्यातलं पाकीट बाहेर काढून ठेवायला सांगू नये. सुरुवात तिथूनच करावी. या मांजरीचे डोळे इतके खाली का, बो एकाच कानावर का, हे ज्या मुलीला दिसायला लागलं, तिला पोपटाची छाती फुगीर का आणि वज्रीच्या पोटात खडे का, हेही दिसतं. बघण्याची सवय एकच असते. ती आवडीच्या वस्तूवर लागते आणि मग कुठल्याही वस्तूवर चालते.