पैठणची लक्ष्मी आणि स्टुडिओतले रावसाहेब

पैठणचा जिल्हा औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, पण लोकसभेला पैठणकर मतदान करतात ते जालन्यात. त्या पैठणमध्ये डिसेंबर २०१६ मध्ये नगरपालिकेच्या प्रचारसभेत भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष आणि जालन्याचे खासदार रावसाहेब दानवे बोलायला उभे राहिले. मतदानाच्या आदल्या रात्री घरी अचानक लक्ष्मी येते, आली तर तिला परत पाठवू नका, अशा अर्थाचं ते बोलून गेले. निवडणूक आयोगाची नोटीस आली, वाहिन्यांवर ती क्लिप दिवसभर फिरली आणि ते भाषण वादग्रस्त विधानांच्या यादीत जमा झालं. मला मात्र ते भाषण नीट ऐकावंसं वाटतं. एक मुरलेला नेता आपल्या माणसांत कसा बोलतो, हे त्यातून फार स्वच्छ दिसतं.

त्या बोलण्याचा सगळा भर लक्ष्मीवर आहे. लक्ष्मी, रात्र, दार, स्वागत. ही मांडणी ऐकणाऱ्याच्या घरातली आहे. तिन्हीसांजेला दार उघडं ठेवायचं, आलेल्या लक्ष्मीला पाठ दाखवायची नाही, हे त्याने आजीकडून ऐकलेलं असतं. वक्ता निम्मंच बोलतो आणि थांबतो, उरलेलं श्रोता मनात पुरं करतो आणि हसतो. भारुडात वरवरचा अर्थ एक आणि खरा अर्थ दुसरा असतो, आणि तो उकलल्याचा आनंद ऐकणाऱ्याचा असतो; ही रीत तीच. एकनाथांच्या गावात ती चालली याचंही नवल नाही. पण भारुडातला आतला अर्थ माणसाला वर उचलतो आणि इथला आतला अर्थ मतदाराला बाजारात बसवतो. कसब खरं आहे आणि सांगितलेली गोष्ट चुकीची आहे, ही दोन्ही विधानं मी एकाच दमात करतो.

दानवे यांच्या गाजलेल्या विधानांचा माग काढला की एक गोष्ट ध्यानात येते. मे २०१७ मधलं तुरीचं विधान जालन्यात कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालं. दिल्लीच्या वेशीवरच्या शेतकरी आंदोलनामागे चीन आणि पाकिस्तान असल्याचं विधान डिसेंबर २०२० मध्ये बदनापूर तालुक्यात, एका आरोग्य केंद्राच्या उद्घाटनात. नोव्हेंबर २०२४ मध्ये शिवसेनेचे अर्जुन खोतकर भेटायला आले असताना फोटोच्या चौकटीत आलेल्या कार्यकर्त्याला त्यांनी पायाने बाजूला सारलं, तेही आपल्याच माणसांच्या गराड्यात. यातलं एकही वाहिनीच्या स्टुडिओत, तिरकस प्रश्न विचारणाऱ्या सूत्रसंचालकासमोर घडलेलं नाही. परक्यांच्या दारात हा माणूस सांभाळून पाऊल टाकतो. घसरतो तो घरात.

तुरीचा प्रसंग जरा थांबून बघण्यासारखा आहे. २०१६-१७ च्या हंगामात तूर अमाप पिकली. क्विंटलला ५,०५० रुपये हमीभाव होता आणि बाजारात त्याहून बराच कमी. खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपलेला, एप्रिलमध्ये केंद्रं बंद, मग ओरड झाल्यावर आणखी एक लाख टन खरेदीची परवानगी. अशा वेळी बैठकीत एका कार्यकर्त्याने तुरीचा विषय काढला. दानवे यांनी एक लाख टनांचा हिशेब सांगितला आणि पुढे म्हणाले, ‘तरी रडतात साले’.

तीन शब्द. दानवे यांच्या भोकरदनकडे हा ‘साला’ मित्राला, मेव्हण्याला, आडव्या आलेल्या बैलालासुद्धा लागतो. ओट्यावर बसून म्हटला तर त्यात निम्मी माया असते. त्या बैठकीतल्या कार्यकर्त्यांना तो खटकला नसावा, कारण तो आवाज त्यांच्या रोजच्या ओळखीचा. तोच आवाज मोबाइलमधून परभणी-लातूरच्या, रांगेत चार रात्री काढलेल्या शेतकऱ्याच्या कानावर गेला तेव्हा त्यात माया उरली नव्हती. वाक्यात त्याचा उल्लेख तिसऱ्या पुरुषात होता. समोरच्याला ‘साला’ म्हणणं ही सलगी, पाठीमागे म्हणणं ही तुच्छता. आपण कार्यकर्त्यांशी बोलत होतो, हा दानवे यांचा पुढचा खुलासा खराही असेल, पण त्याने जखम भरत नाही. कार्यकर्त्यांमध्ये बसून शेतकऱ्याबद्दल कसं बोललं जातं, हेच तर लोकांना त्यातून कळलं.

आणि तरी, मराठवाड्यातलं हे बोलणं मला मनापासून आवडतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दानवे सभेत गोष्ट सांगतात. आकडा फेकण्याऐवजी माणूस उभा करतात, त्याला बोलता करतात, दोन्हीकडचे आवाज स्वतःच काढतात. भाषणाचा कागद लागत नाही. १९९९ पासून सलग पाच वेळा लोकसभा जिंकण्यात या बोलण्याचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे. २००९ मध्ये काँग्रेसच्या कल्याण काळे यांनी त्यांना पार घाम फोडला होता, फरक साडेआठ हजारांच्याही आतला. तेव्हा असा एकेक पार, एकेक ओटा कामी आला असणार.

स्टुडिओत या गोष्टीला जागा नसते. गोष्ट रंगायला तीन-चार मिनिटं लागतात आणि सूत्रसंचालक तिसऱ्या वाक्याला ‘थेट उत्तर द्या’ म्हणतो. मग उरतं ते पक्षाचं ठरलेलं उत्तर. युती होईल, वरिष्ठ ठरवतील, विरोधकांकडे मुद्दा नाही. दानवे अशा वेळी सुरक्षित असतात आणि बेचव होतात. २६ सप्टेंबर १९६० ला शिकागोत अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन टीव्हीवरच्या वादचर्चेत समोरासमोर आले तेव्हापासून जग म्हणतं की कॅमेरा माणसाला उघडा पाडतो. निक्सन नुकतेच आजारातून उठले होते, चेहरा ओढलेला होता, आणि ते दिसलं. आपल्या वाहिन्यांवरच्या चर्चेत उलट घडतं. सहा चौकटींत सहा जण एकाच वेळी ओरडतात आणि त्या गलक्यात प्रत्येकाला लपायला जागा मिळते.

दानवे यांच्याच जालना जिल्ह्यात कॅमेऱ्यासमोर उजळलेला माणूसही आहे. घनसावंगीचे राजेश टोपे २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत राज्याचे आरोग्यमंत्री म्हणून रोज पत्रकारांसमोर येऊ लागले. आवाज चढत नसे, प्रश्न कितीही टोचरा असला तरी उत्तर खाटा, चाचण्या, रुग्णसंख्या यांतूनच येई. त्यांच्या बोलण्याला भोकरदनची फोडणी नाही, पण घाबरलेल्या राज्याला तेव्हा फोडणी नकोच होती. तेच टोपे २०२४ च्या विधानसभेला घनसावंगीत थोडक्यात हरले. राज्याला भावलेला आवाज मतदारसंघाला पुरेसा वाटेलच असं नाही.

आणि अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी. १ सप्टेंबर २०२३ ला तिथल्या मराठा आरक्षण आंदोलकांवर झालेल्या लाठीमारानंतर स्टुडिओच उठून त्या गावात आले. आंदोलनाचे नेते मनोज जरांगे उमेदवार नव्हते, पुढे निवडणुकीतूनही त्यांनी अंग काढून घेतलं, पण बोलण्यापुरतं बघायचं तर गावातल्या म्हातारीशी आणि दिल्लीच्या वाहिनीशी ते एकाच भाषेत बोलले. मागण्या पटोत न पटोत, ही एकजिनसी भाषा लोकांना ओळखू आली.

१३ मे २०२४ ला जालन्यात मतदान झालं आणि निकालात दानवे १,०९,९५८ मतांनी पडले. जिंकले तेच कल्याण काळे. आरक्षणाचं आंदोलन, पडलेले भाव, पंचवीस वर्षांचा कंटाळा, कारणं बरीच आहेत. ‘साले’ हा त्यांतला एक जुना, न विसरलेला शब्द.

त्या प्रचारात काळे आणि दानवे यांना एका मंचावर, एकाच प्रश्नाला, एकामागोमाग उत्तर देताना ऐकता आलं असतं तर मी जमिनीवर बसून ऐकलं असतं. एकाची गोष्ट दुसऱ्याच्या हिशेबावर घासली गेली असती. आपल्या माणसांची मोकळीक आणि परक्याच्या प्रश्नाची धार, दोन्ही एकाच संध्याकाळी मिळाली असती. जालन्याच्या पत्रकारांनी आणि महाविद्यालयांनी पुढच्या निवडणुकीत हे घडवून आणावं. सूत्रसंचालक मुंबईहून आणू नका. प्रश्न मोसंबीच्या बागायतदाराने, स्टील कारखान्यातल्या कामगाराने, बारदान्यासाठी थांबलेल्या बाईने विचारू द्या, आणि उमेदवाराला गोष्ट सांगायला पुरती पाच मिनिटं द्या.