भिक्षूचा वारसा आणि राजसत्ता

पूज्य वालपोल राहुल यांचा 'भिक्षुवगे उरुमय' हा सिंहली ग्रंथ १९४६ साली श्रीलंकेत प्रसिद्ध झाला. भिक्षूला लोकजीवनापासून तोडले ते वसाहतवादी राजवटीने, हे त्यांचे प्रतिपादन ग्राह्यच आहे. डॉ. बाबासाहेबांनाही समाजसेवक भिक्षूच अभिप्रेत होता. परंतु लोकसेवा आणि राजसत्ता यांतील भेद ग्रंथकाराने राखला नाही. दुट्ठगामणीचे युद्धही त्यांनी वारशातच धरले. (महावंसात अर्हंतच या राजाचे हत्यांबद्दल सांत्वन करतात. हे धम्माच्या कोणत्या कसोटीला उतरते?) या सरमिसळीचे फळ १९५६ साली दिसले. भिक्षूंच्या प्रचाराचे बळ घेऊन बंडारनायके सत्तेवर आले, सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली आणि तामिळ भाषिक स्वदेशातच परके झाले. १९५९ मध्ये त्याच बंडारनायकेंवर गोळ्या झाडणारा चीवरधारीच होता.