जुन्या इमारतींचं बीआयएम : भिंती मोजल्या, माणसं राहिली

जुन्या इमारती, बीआयएम आणि ऊर्जाबचत असा विषय घेणार असाल, तर व्होल्क, स्टेंगल आणि शुल्टमन यांचा 2014चा रिव्ह्यू पेपर वाचावाच लागतो. 'ऑटोमेशन इन कन्स्ट्रक्शन'मध्ये आलेला, 180हून अधिक प्रकाशनं तपासून लिहिलेला.

बीआयएममध्ये भिंत म्हणजे नुसती रेघ नसते. जाडी, साहित्य, ती किती उष्णता जाऊ देते, हे सगळं तिला चिकटलेलं असतं. नव्या इमारतीत ही माहिती डिझाइन करतानाच भरतात. जुन्या इमारतीत उलटा प्रवास : आधी लेझर स्कॅन, मग त्या बिंदूंच्या ढगातून भिंत-खिडकी ओळखायची. पेपर इथे तीन अडचणी सांगतो : स्कॅनचं मॉडेल करायला लागणारे कष्ट, माहिती अद्ययावत ठेवणं आणि अनिश्चित माहिती हाताळणं.

माझ्या मते तिसरी अडचण सगळ्यात मोलाची, आणि नंतरच्या बऱ्याच लेखनात नेमकी तीच मागे पडते. स्कॅनरला गिलावा दिसतो, त्यामागे वीट आहे की दगड ते दिसत नाही. मग मॉडेल करणारा पुस्तकातला आकडा टाकतो. एकदा टाकला की मोजलेला आकडा आणि अंदाजाचा आकडा, दोन्ही सारखेच दिसतात!

पण माझी तक्रार वेगळीच आहे. या तिन्ही अडचणी इमारतीच्या आहेत. राहणारा माणूस कुठाय? सुनिका-ब्लँक आणि गॅल्विन यांनी 2012 मध्येच 3,400 जर्मन घरांची आकडेवारी मांडली होती : हिशेबाने जेवढी ऊर्जा तापवायला लागायला हवी, त्यापेक्षा लोक सरासरी 30 टक्के कमी वापरत होते. घर जितकं गळकं, तितकी ही तफावत मोठी. याला त्यांनी 'प्रीबाउंड इफेक्ट' म्हटलं.

आता गणित करून बघा. समजा मॉडेल म्हणतं आज 100 युनिट लागतात, रेट्रोफिटनंतर 50 लागतील. प्रत्यक्षात आजच 70 जात असतील, तर बचत 50 नाही, 20. आपल्याकडचं उदाहरण घ्या : फ्लॅटमध्ये एसी एकाच बेडरूममध्ये, तोही रात्रीपुरता. मॉडेलमध्ये अख्खं घर दिवसभर थंड धरलं, तर बचत कागदावर कितीही वाढवता येते.

म्हणून पेपरमध्ये 'इतके टक्के बचत' दिसली की आधी बेसलाइन शोधा. ती विजेच्या बिलांशी ताडली नसेल, तर लेखकाने एका मॉडेलची दुसऱ्या मॉडेलशी तुलना केली, एवढंच. ताडायची कसोटी उपलब्ध आहे. अॅश्रेची गाइडलाइन 14 मासिक बिलांसाठी एकूण चूक ±5 टक्क्यांत आणि महिन्या-महिन्याच्या फरकांवरून काढलेली चूक 15 टक्क्यांत मागते. अर्थात तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. भिंतीचा आकडा चुकीचा आणि एसीचे तासही चुकीचे, पण दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि बिल जुळतं, असंही होतं. रेट्रोफिटमध्ये भिंत बदलली की त्यातली एकच चूक जाते, दुसरी तिथेच राहते.