वुल्फ हॉल (कादंबरीत्रयी)

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री (कार. १५०९–४७) ह्याच्या दरबारावरील, इंग्रज लेखिका हिलरी मँटेल (१९५२–२०२२) हिची कादंबरीत्रयी. वुल्फ हॉल (२००९), ब्रिंग अप द बॉडीज (२०१२) आणि द मिरर अँड द लाइट (२०२०) हे तिचे तीन भाग होत. पहिल्या दोहोंना बुकर पारितोषिक मिळाले.

पटनी येथील एका लोहाराचा मुलगा टॉमस क्रॉमवेल हा ह्या त्रयीचा नायक. कार्डिनल वुल्झीच्या पतनानंतर (१५२९) तो राजसेवेत शिरला आणि इंग्लंडमधील चर्च पोपच्या सत्तेपासून तोडण्याच्या कार्यात प्रमुख सूत्रधार ठरला. निवेदन वर्तमानकाळी असून ‘तो’ हे सर्वनाम बहुधा क्रॉमवेललाच उद्देशून येते. त्यामुळे वाचक सारा दरबार त्याच्याच दृष्टीने पाहतो. येथे सत्ता सिंहासनापेक्षा राजाच्या खाजगी दालनात वावरते; तेथील प्रवेश हेच खरे धन ठरते. राजाची इच्छा ओळखणे व तिला कायद्याचे रूप देणे, हे क्रॉमवेलचे कौशल्य मँटेलने अत्यंत सूक्ष्मपणे रेखाटले आहे.

हाच दृष्टिकोन त्रयीची मर्यादाही ठरतो. रॉबर्ट बोल्टच्या ए मॅन फॉर ऑल सीझन्स (१९६०) ह्या नाटकात सदसद्‌विवेकासाठी प्राण देणारा टॉमस मोर येथे पाखंड्यांचा निष्ठुर छळ करणारा दिसतो. मोरच्या चॅन्सेलरपदाच्या काळात पाखंड्यांना जाळण्यात आले, हे खरे. तथापि हे चित्रण एकांगी असल्याचा आक्षेप काही इतिहासकारांनी घेतला आहे.

मँटेल नायकाला मात्र दोषमुक्त करीत नाही. १५३६ मध्ये ॲन बुलिन व तिच्यासह पाच पुरुष ह्यांना देहदंड झाला. त्यांपैकी चौघांनी वुल्झीची विटंबना करणाऱ्या नाट्यप्रयोगात भाग घेतला होता, असे कल्पून मँटेलने राजकार्यामागील वैयक्तिक सूड उघड केला आहे. आरोप खरे आहेत की नाहीत, ह्यापेक्षा ते सिद्ध करता येतील की नाहीत, एवढेच क्रॉमवेल पाहतो. १५४० मध्ये तो स्वतःच, खटला न चालविता, संसदेच्या अधिनियमान्वये दोषी ठरला. हे साधन त्याने इतरांविरुद्ध वापरले होते. २८ जुलै रोजी त्याचा शिरच्छेद झाला व त्याच दिवशी हेन्रीने कॅथरिन हॉवर्डशी विवाह केला.

तिसरा भाग काहीसा पाल्हाळिक आहे. तरीही, अनियंत्रित सत्तेची सेवा करणारी बुद्धिमत्ता अखेरीस त्याच सत्तेपुढे कशी असहाय ठरते, ह्याचे दर्शन घडविणारी ही त्रयी ऐतिहासिक कादंबरीच्या क्षेत्रात महत्त्वाची मानली जाते.