सार्वजनिक भित्तिचित्रें आणि त्यांचा आधार : धाराशिव जिल्ह्यापुरता विचार

अलीकडे गांवोगांवच्या शाळा, बसस्थानकें, पाण्याच्या टाक्या व सरकारी कचेऱ्या यांच्या भिंती चित्रांनीं रंगविण्याचा प्रघात पडला आहे. त्या त्या गांवचा निसर्ग व इतिहास भिंतीवर यावा आणि तो गांवकऱ्यांनीं मिळून काढावा, अशी यामागील कल्पना असते. कल्पना उत्तम आहे. परंतु या चित्रांचें परीक्षण कोणी करीत नाहीं. ग्रंथ छापला तर त्यावर अभिप्राय येतो. ताम्रपट प्रसिद्ध झाला तर त्याचें वाचन दुसरा विद्वान् तपासून पाहतो. पण शाळेच्या भिंतीवरील चित्र शेंकडों मुलें रोज वाचतात आणि त्याचा पाठ शुद्ध कीं अशुद्ध हें कोणीहि विचारीत नाहीं. म्हणून हा विषय संशोधकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम सध्यांच्या रीतीचा दोष सांगतों. धबधब्याकांठीं उभें हरिण, मागें नारळीचीं झाडें, उगवता सूर्य, पिसारा पसरलेला मोर, एका कोपऱ्यांत अजिंठ्याच्या पद्मपाणीची नक्कल, दुसऱ्या कोपऱ्यांत गेरूवर पांढऱ्या रेघांचा वारली नाच : हा सांचा आतां ठरून गेला आहे. यांतील एकहि वस्तु वाईट नाहीं. परंतु वारली चित्र हें ठाणें व पालघर या भागांतील एका समाजाचें लेणें आहे. तें बालाघाटाच्या माळावर आणून चिकटविल्यानें ना वारल्यांचा मान राहतो, ना माळाची ओळख पटते. अशा चित्राची परीक्षा सोपी आहे. भिंतीवरील गांवाचें नांव पुसून पाहावें. नांव पुसल्यावर चित्र कोणत्याहि गांवास शोभत असेल तर तें कोणत्याच गांवाचें नाहीं.

या प्रश्नाचा आपल्या प्राचीनांनींहि विचार केला होता. विष्णुधर्मोत्तराच्या तिसऱ्या खंडांत चित्रसूत्र म्हणून जो भाग आहे, त्यांत चित्राचे सत्य, वैणिक, नागर व मिश्र असे चार प्रकार सांगितले असून लोकांतील वस्तूंशीं ज्याचें सादृश्य आहे त्यास सत्य ही संज्ञा दिली आहे. त्याच ग्रंथांत चित्र कोठें काढावयाचें यावरून काय काढावें हेंहि ठरविलें आहे. राहत्या घरांत शृंगार, हास्य व शांत हेच रस असावेत. युद्ध, मरण, स्मशान असे विषय घरांत नसावेत. राजसभा व देवालय येथें मात्र सर्व रसांस मोकळीक आहे. म्हणजे भिंत कोणाची व ती रोज कोण पाहणार, हा प्रश्न आधीं आणि चित्र नंतर.

दुसरा ग्रंथ तर धाराशिवकरांच्या शेजारचाच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत मानसोल्लास रचिला. ती कल्याणी, म्हणजे हल्लींचें बसवकल्याण, उमरग्याहून फारशी दूर नाहीं. या ग्रंथांत भिंत गुळगुळीत करून तीवर म्हशीच्या कातड्याच्या सरसांत कालविलेल्या पांढऱ्या मातीचे लेप कसे द्यावेत, काजळ व भात यांची वर्ति करून आधीं रेखा कशी काढावी, हें क्रमानें दिलें आहे. तेथें आरशांतील प्रतिबिंबाप्रमाणें हुबेहूब तें विद्ध आणि केवळ आकार सुचविणारें तें अविद्ध, असा भेद केलेला आढळतो. हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. कारण आजच्या भित्तिचित्रांत पुष्कळदां अविद्ध वस्तु विद्धाचा वेष घेऊन उभी असते. ज्याचा आकारहि ठाऊक नाहीं त्या पुरुषाचा चेहरा बारीकसारीक रेषांनिशीं रंगवितात, आणि पाहणारा तें खरें मानतो.

स्थानिक विषय निवडल्यानें काय साधतें याचें महाराष्ट्रांतील ठळक उदाहरण चंद्रपूर व बल्लारशा या रेल्वेस्थानकांचें आहे. तेथील भिंतींवर ताडोब्याचा वाघ, रान व वनवासी जीवन स्थानिक कलावंतांनीं रंगविलें, आणि स्थानकांच्या सुशोभनाच्या देशव्यापी स्पर्धेंत २०१८ सालीं या दोन स्थानकांस पहिलें पारितोषिक मिळालें. गाडी थांबतांच आपण कोठें आलों हें उतारूस कळतें. चित्राचें काम तेथें झालें. परंतु यशाची नक्कल करणें हा मोह असतो. चंद्रपूरचा वाघ पाहून धाराशिवच्या भिंतीवर वाघ काढणें चूक ठरलें असतें, जर २०२४ च्या अखेरीस यवतमाळकडील टिपेश्वराहून एक वाघ शेंकडों मैल चालत येडशी-रामलिंगच्या अभयारण्यांत आला नसता. आतां तो काढावा; पण रहिवासी म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून, आणि खालीं वर्ष घालून. वर्ष घातलें कीं चित्र साक्ष होतें. न घातलें तर तें शोभेचें राहतें.

आतां धाराशिव जिल्ह्याच्या सामग्रीकडे वळूं. तेरपासून आरंभ करणें युक्त होय. तगर म्हणजे देवगिरी असें कोणी म्हणत, कोणी जुन्नर म्हणत. १९०१ सालीं फ्लीट यांनीं तगर म्हणजे तेरणाकांठचें तेर हें दाखविलें. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथांत तगर हें पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचें सांगून, तेथील साधें कापड व मलमल गाड्यांतून भडोचास जात असे, असें म्हटलें आहे. शिलाहार राजे पुढें कित्येक शतकें तगरपुरवराधीश्वर हें बिरुद आपल्या ताम्रपटांत मिरवीत होते. रोमशीं व्यापार म्हटला कीं चित्रकार लगेच शिडांचें गलबत काढतो. तेरणेंत गलबत कधीं आलें? तेरच्या भिंतीवर बैलगाड्यांची रांग पाहिजे आणि गाड्यांत कापडाचे गठ्ठे पाहिजेत. तेथील लामतुरे संग्रहालयांत जी हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे, तिचें पाँपेई येथें १९३८ सालीं सांपडलेल्या मूर्तीशीं साम्य प्रसिद्धच आहे. केओलिन मातीच्या लहान मूर्ति, मणी, दिवे हींहि तेथें पाहावयास मिळतात. इतकें समोर असतां अजिंठ्याकडे हात पसरण्याची गरज काय?

तेरचें त्रिविक्रमाचें देऊळ विटांचें असून त्याची मागील बाजू चापाकार आहे. तें मूळचें बौद्ध चैत्यगृह असावें असें कझेन्स यांचें मत. तें सर्वांस मान्य नाहीं. अशा ठिकाणीं चित्रकारानें कोणाचा पक्ष घेऊं नये. वास्तु जशी उभी आहे तशी काढावी. तींत भिक्षूंची ओळहि बसवूं नये आणि यज्ञकुंडहि पेटवूं नये. पाठभेद असेल तेथें संपादक मूळांत आपल्या कल्पनेचा पाठ घुसडीत नाहीं, तोच नियम येथें.

धाराशिवच्या लेण्यांविषयीं बर्जेस यांनीं १८७८ च्या अहवालांत सविस्तर लिहिलें. त्यांतील मुख्य लेणें प्रथमपासून जैनांचें कीं आधीं बौद्धांचें, हाहि वाद आहे. परंतु या लेण्यांची एक काव्यमय साक्ष उपलब्ध आहे. कनकामर मुनीचें करकंडचरिउ हें अपभ्रंश काव्य डॉ. हिरालाल जैन यांनीं संपादून १९३४ सालीं कारंजा येथील ग्रंथमालेंत प्रसिद्ध केलें. त्यांत करकंड राजा तेरापुरास येतो, तेव्हां जवळच्या डोंगरांतील लेणें व त्यावरील वारूळ यांची वार्ता त्यास कळते. एक हत्ती रोज तळ्यांतून सोंडेंत पाणी व कमळ घेऊन येतो आणि त्या वारुळाची पूजा करतो. वारूळ खणतां पार्श्वनाथाची मूर्ति निघते. पुढें मूर्तीवरील गांठ फोडतां पाण्याचा झरा फुटून लेणें भरून जातें. हत्ती, कमळ, वारूळ आणि दगडांतून फुटणारें पाणी : या अवर्षणाच्या मुलुखाला याहून साजेसा विषय कोणता? हा इतिहास नव्हे, हें काव्य आहे. पण काव्य याच डोंगराचें आहे. भिंतीवर तें ‘काव्यांतून’ असें लिहून खुशाल काढावें. पोथ्या जपणाऱ्यांस यांत विशेष समाधान आहे, कीं जैन भांडारांतील हस्तलिखितें वांचलीं म्हणून आज शाळेच्या भिंतीवर हत्ती चढूं शकतो.

तुळजापुराचा विषय नाजूक आहे. श्रीभवानीनें शिवछत्रपतींस तलवार दिली हा प्रसंग लोकांच्या श्रद्धेंत दृढ आहे आणि तो भिंतीवर येणारच. त्यास हरकत घेण्याचें कारण नाहीं; फक्त त्याखालीं ‘परंपरा’ हा शब्द असावा. श्रद्धेस तो शब्द बाधत नाहीं आणि इतिहासास तो उपकारक होतो. पण तुळजापुरांत याहून कमी पाहिलेली एक वस्तु आहे, ती आराध्यांच्या गळ्यांतील कवड्यांची माळ. कवडी ही दूरच्या समुद्राची वस्तु. ती या कोरड्या पठारावर येऊन देवीचें चिन्ह झाली. तगराच्या गाड्यांप्रमाणें तीहि दळणवळणाची साक्ष आहे. जिल्ह्यांतील कोणत्याहि भित्तिचित्रास कवड्यांचा काठ द्यावा. वेलबुट्टी उसनी आणावी लागणार नाहीं.

नळदुर्गाचा पाणीमहाल दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळचा. बोरी नदीस दगडी बंधारा घालून त्याच्याच पोटांत महाल बांधला आणि पावसाळ्यांत नर व मादी या वाटांनीं पाणी खालीं कोसळतें. आदिलशाहीचें नांव वगळून हा महाल रंगविणें म्हणजे शिलालेखांतील ओळ छिनून टाकणें होय. तसेंच १९४१ सालीं कसबे तडवळे येथें डॉ. आंबेडकर यांच्या उपस्थितींत भरलेली महार-मांग वतनदार परिषद व १९४८ चा हैदराबाद-मुक्तिसंग्राम हे जवळच्या काळाचे विषयहि टाळूं नयेत. इतिहास जुना असला म्हणजेच तो इतिहास असें नाहीं.

निसर्गाविषयीं थोडक्यांत सांगतों. हा माळाचा, शाळूचा, बाभळीचा, कडुनिंबाचा व पळसाचा देश आहे. येथें काळवीट आहे, लांडगा आहे. जिल्ह्याचें अधिकृत नांव २०२३ सालीं धाराशिव झालें तरी काळी उस्मानाबादी शेळी त्याच जुन्या नांवानें देशभर ओळखली जाते. तिला मात्र भिंतीवर जागा मिळत नाहीं. नद्या मनुष्यरूपानें, वाहनावर, हातांत पूर्णकुंभ घेतलेल्या दाखवाव्या, असें चित्रसूत्र सांगतें. मांजरा, तेरणा, बोरी व सीना अशा चार स्त्रिया काढून तेरणेच्या हातीं गोरोबाकाकांच्या चाकावरचा मातीचा घट दिला, तर शास्त्र, संत आणि भूगोल एका जागीं येतील.

आतां जो विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सांगतों. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानें लातूर व धाराशिव या जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें भुईसपाट केलीं. सास्तूर व त्याच्या आसपासचीं गांवें याच जिल्ह्यांतलीं. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदें अंगावर येऊन हजारों माणसें गेलीं. घरांबरोबर देव्हारे, दप्तरें, पोथ्या गाडल्या गेल्या. नवीं गांवें दुसऱ्या जागीं, सरळ रस्त्यांची व सारख्या खोल्यांची वसलीं. त्यांच्या भिंती कोऱ्या आहेत. या भिंतींवर काय काढावें? आक्रोश व प्रेतें काढूं नयेत. तेथें माणसें राहतात, आणि घरांत कोणते रस असावेत हें वर आलेंच आहे. काढावी ती जुनी पांढरी : वेस कोठें होती, पार कोठें, बारव कोठें, कोणाचा वाडा कोणत्या बोळांत, देवळाचें तोंड कोणीकडे. हा नकाशा कोणत्याहि कचेरींत पुरता मिळणार नाहीं. तो माणसांच्या आठवणींत आहे. त्या वर्षीं जे कर्ते होते ते आज म्हातारे झाले आहेत. पांच माणसांनीं पांच प्रकारें सांगितलें तर पांच पोथ्यांप्रमाणें ताडून पाहावें, आणि जेथें मेळ बसणार नाहीं तेथें भिंत कोरी सोडावी. गांवकऱ्यांनीं मिळून चित्र काढावें या म्हणण्याचा खरा अर्थ मला येथें दिसतो. मिळून ब्रश धरणें गौण आहे. मिळून आठवणें हें मुख्य आहे. हें काम आणखी वीस वर्षांनीं करूं म्हटल्यास होणार नाहीं.

यावर आक्षेप येईल, कीं चित्र म्हणजे ताम्रपट नव्हे. इतका आधार मागितला तर रंगांतला आनंद जाईल. मला तसें वाटत नाहीं. वर दिलेल्या सामग्रींत हत्ती आहे, वाघ आहे, कोसळतें पाणी आहे, कवड्या आहेत; आधार मागितल्यानें विषय आटत नाहींत, उलट सांपडतात. सांचेबंद मोर काढणाराच विषयाच्या दुष्काळांत असतो.

म्हणून तीन सूचना करतों. प्रत्येक चित्राखालीं एका ओळींत आधार लिहावा : लेख, वस्तु, काव्य, परंपरा किंवा आठवण, यांपैकीं जो असेल तो. चित्र काढणाऱ्यांचीं व सांगणाऱ्यांचीं नांवें, वर्षासह, भिंतीच्या कोपऱ्यांत असावीं. आणि भिंतीवरील रंग उन्हापावसांत फार दिवस टिकत नसल्यामुळें, मूळ खर्डा, आठवणींचीं टिपणें व पूर्ण चित्राचें छायाचित्र जवळच्या संग्रहालयाच्या किंवा संशोधन-मंडळाच्या दप्तरीं जमा करावें. आपण जुनीं दप्तरें गोळा करतों. हेंहि उद्यांचें जुनें दप्तर आहे, आणि तें आज कोरें असतांनाच आपल्या हातीं आलें आहे.