व्यवसायाचा रकाना

२० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचं मतदान होतं. आदल्या रात्री मी पुण्याहून बीडच्या एसटीत बसलो. ऑफिसनं मतदानाची पगारी सुट्टी दिली होती, तसा ईमेलही आला होता. नगर मागे पडल्यावर समोरून ट्रॅक्टर येताना दिसायला लागले. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यात माणसं, पत्र्याच्या पेट्या, सरपण, एखादी शेळी, गोधडीत गुंडाळलेली लेकरं. मी मत द्यायला बीडकडे चाललो होतो आणि बीडचे मतदार उलट्या दिशेला निघाले होते.

सकाळी गावात पोचलो, तर मामाच्या दाराला कुलूप. फोन लावला.

"मामा, मतदानाला नाही आलात?"

"आरं, यायचं म्हणलं तर दोघांचं जायचं-यायचं भाडं. आन् वरून मुकादम खाडा लावतो. तू आलास ना? बास झालं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक 'कोयता'. हंगामाआधी मुकादम त्यांना उचल देतो आणि मग सहा महिने ते ती ऊस तोडून फेडतात. ज्या दिवशी कामावर जाणार नाही, त्या दिवसाचे पैसे हिशेबातून कापले जातात. त्याला खाडा म्हणतात. आजारपणाचा खाडा, पाळीचा खाडा, घरी मयत झाली तरी खाडा. त्यात हा एक मतदानाचा खाडा.

निकाल लागला आणि नेहमीप्रमाणे विश्लेषणं सुरू झाली. शेतकरी कुठे गेला, ऊसतोड कामगार कुणामागे उभा राहिला, नोकरदारानं काय केलं. रंगीत तक्ते, खाली टक्के. माझं पोट अशाच तक्त्यांवर चालतं. कंपन्यांचा डेटा घ्यायचा, रकाने पाडायचे, डॅशबोर्ड बनवायचा. त्यामुळे 'व्यवसाय' नावाचा रकाना दिसला की मी आधी विचारतो, हा भरला कुणी आणि कसा? कविता वाचताना आपण शब्द कुठून आला ते पाहतो. तक्ता मात्र आपण नुसता मान्य करून टाकतो. या लेखात मला तक्ता वाचायचा आहे, आणि त्याच्याशी थोडं भांडायचंही आहे.

जगात गाजलेला असा तक्ता ब्रेक्झिटचा. २३ जून २०१६ला ब्रिटननं युरोपियन युनियन सोडायचं की राहायचं यावर मत दिलं. ५१.९ टक्के सोडा म्हणाले, ४८.१ टक्के राहा म्हणाले. लॉर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या संस्थेनं मतदान करून आलेल्या १२,३६९ लोकांना विचारून पाहणी केली. त्यात वरच्या 'एबी' गटातले, म्हणजे मॅनेजर, डॉक्टर, वकील वगैरे, ५७ टक्के राहा म्हणणारे निघाले. कुशल कामगार आणि त्याखालच्या गटांत ६४ टक्के सोडा म्हणणारे. यावरून एक सुटसुटीत गोष्ट तयार झाली: लॅपटॉपवाले एकीकडे, हातानं काम करणारे दुसरीकडे.

पण हे गट पडतात कसे? ब्रिटनमध्ये ही वर्गवारी घरातल्या मुख्य कमावत्या माणसाच्या कामावरून होते. सगळ्यात खालच्या 'ई' गटात सरकारी पेन्शनवर जगणारे म्हातारे, बेकार आणि मिळेल ते काम करणारे मजूर एकत्र येतात. पेन्शनवरची आजी आणि रोजंदारीवरचा पोरगा, दोघांचा 'व्यवसाय' एकच.

माझ्या मामाला या तक्त्यात बसवून बघू. दोन एकर कोरडवाहू, म्हणजे शेतकरी. दिवाळीनंतर ऊसतोड, म्हणजे कामगार. हंगाम संपल्यावर कधी पुण्यात बांधकामावर, म्हणजे बिगारी. आणि मामी? ती अर्धा कोयता आहे. मामा तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. कुठलाही सरकारी फॉर्म भरायची वेळ आली की तिच्या नावापुढे 'गृहिणी' लिहिलं जातं. लिहिणारा बऱ्याचदा मीच असतो.

रकाना कच्चा आहे, ही पहिली तक्रार. पण समजा तो नीट भरला. मग तरी व्यवसायावरून मत कळतं का? याचं उत्तर शोधायला बीड पुरत नाही, कारण बीडला असा थेट प्रश्न कुणी कधी विचारलाच नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यातून १९४८ साली भारतात आला, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात. प्रत्येक वेळी वर निर्णय झाला आणि आमचे आजोबा नव्या राज्यात जागे झाले. महाराष्ट्रात यायचं की नाही, असा मतपेटीतून प्रश्न विचारला गेला तो गोव्याला.

१६ जानेवारी १९६७. गोव्यानं महाराष्ट्रात विलीन व्हावं की केंद्रशासित प्रदेश राहावं? विलीनीकरणाचं चिन्ह फूल, केंद्रशासित राहण्याचं चिन्ह दोन पानं. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. म्हणजे सतरा हजारांवर थोडी माणसं इकडची तिकडे झाली असती, तर आज पणजी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याचं ठाणं असती.

या कौलाची गोष्ट पुष्कळदा व्यवसायाच्या रकान्यातूनच सांगितली जाते. एका बाजूला भाटकार, म्हणजे जमीनदार. दुसऱ्या बाजूला मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारा आणि त्याच्या मेहेरबानीवर जगणारा, आणि त्याच्यासोबत कूळ. कुळाला 'कसेल त्याची जमीन' हवी, म्हणून तो महाराष्ट्राकडे. भाटकाराला जमीन राखायची, म्हणून तो विरोधात. गोष्टीत तथ्य आहे. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा पाया बहुजन समाजात होता, कुळांत होता. गोव्याचा पहिला कूळ कायदा १९६४ साली याच पक्षाच्या सरकारनं केला.

पण गोष्टीतल्या नायकांचेच व्यवसाय बघा. कुळांचे नेते, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर खाणमालक होते. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून त्यांच्या सरकारनं आधी राजीनामा दिला. कष्टकऱ्याच्या बाजूला खाणमालक उभा, आणि त्याच्याबरोबर कष्टकऱ्यांची रांग. समोरच्या बाजूला जॅक सिक्वेरा, घरचे जमीनदार. पण त्यांच्या बाजूनं दोन पानांवर शिक्का मारणाऱ्यांत ज्यांची स्वतःची इंचभर जमीन नाही अशी हजारो माणसं होती. एवढी मतं नुसत्या भाटकारांची असूच शकत नाहीत. एवढे भाटकार गोव्यात नव्हते.

मग ती कुणाची? इथे व्यवसायाचा रकाना खरंच बोलायला लागतो, पण वेगळ्या आवाजात. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती, १९४९च्या कायद्यानं आलेली. गोव्यात माडाची सूर काढणारे रेंदेर होते, दारू गाळणारे होते, गावोगाव दारूची दुकानं होती. विलीनीकरण झालं तर आपल्या धंद्याचं काय, हा त्यांचा प्रश्न. सरकारी नोकर बघत होता की महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी आपल्या डोक्यावर बसतायत. उद्या विलीन झालो तर बढती कुणाला? यातला कुणीही भाटकार नव्हता. विरोधी प्रचारानं या भीती नेमक्या हेरल्या. त्या प्रचारातलं एक महत्त्वाचं दैनिक होतं 'राष्ट्रमत', आणि ते निघत होतं मराठीत. महाराष्ट्रात जाऊ नका, हे गोव्याला मराठीतूनही सांगितलं गेलं. भाषेच्या रकान्याचंही काही खरं नाही.

आता त्यापुढचा आकडा. कौलानंतर जेमतेम दोन-अडीच महिन्यांनी, मार्च १९६७मध्ये, गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली. ज्या पक्षाची मुख्य मागणी जनतेनं जानेवारीत नाकारली होती, तोच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष ३०पैकी १६ जागा घेऊन परत सत्तेवर आला. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री.

मतदार तेच, व्यवसाय तेच. दोन-अडीच महिन्यांत कुणी कुळाचा भाटकार झाला नव्हता. मग निकाल उलटा कसा?

माझं वाचन असं आहे. जानेवारीत प्रश्न होता, गोवा कुठे असावा. मार्चमध्ये प्रश्न होता, गोव्यात राज्य कुणाचं असावं. कुळाला बांदोडकर हवे होते. त्यासाठी मुंबई हवीच होती असं नाही. उलट कायदा पणजीत होणार असेल, तर मंत्र्याला गाठायला एक दिवस पुरतो. मुंबईच्या विधानसभेत गोव्याचे मूठभर आमदार काय करणार होते? आमच्या मराठवाड्याला या प्रश्नाचं उत्तर चांगलं माहीत आहे. याच जमिनीच्या लढ्यातून पुढे १९७५चा मुंडकार कायदा आला, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, आणि तो पणजीतच झाला.

म्हणजे व्यवसायावरून माणूस कुठल्या चिन्हावर शिक्का मारेल ते सांगता येत नाही. त्याच्यापुढे ठेवलेल्या प्रश्नातून तो स्वतःपुरता कुठला प्रश्न ऐकतो, ते मात्र सांगता येतं. 'विलीनीकरण' हा शब्द रेंदेरानं दारूबंदी असा ऐकला, कारकुनानं बढती असा ऐकला, कुळानं जमीन असा ऐकला. मतपत्रिका सगळ्यांच्या हातात एकच होती.

हे लक्षात ठेवून बीडला परत येऊ. २०२४ची लोकसभा. मराठा आणि ओबीसी आरक्षणाच्या वादानं जिल्हा असा तापला होता की निवडणूक कसली, जनमत कौलच वाटत होता. गावागावांत एकमेकांच्या दुकानातून किराणा घेणं बंद झाल्याच्या गोष्टी कानावर येत होत्या. पंकजा मुंडे यांच्यासमोर बजरंग सोनवणे. एका बाजूला ऊसतोड कामगारांच्या दरासाठी लवादात बसलेल्या नेत्या, दुसऱ्या बाजूला साखर कारखाना चालवणारा उमेदवार. व्यवसायाचा तक्ता घेऊन बसलेल्या माणसानं कामगारांच्या जिल्ह्यात निकाल आधीच सांगून टाकला असता. सोनवणे ६,५५३ मतांनी निवडून आले.

लगेच कुणी म्हणेल, बघा, व्यवसाय खोटा आणि जात खरी. मला हेही घाईचं वाटतं. कोयता सगळ्या जातींच्या हातात आहे: वंजारी, मराठा, दलित, बंजारा. पण टोळी बहुतेक वेळा नात्यागोत्यातली असते, मुकादम ओळखीतला असतो, उचल त्याच ओळखीवर मिळते. काम आणि जात असे दोन वेगळे रकाने पाडायला गेलात तर दोन्ही अर्धे राहतात. आणि त्या वर्षी ऊसतोडीचा दर हा प्रश्न मतपत्रिकेवर कुणी ठेवलाच नव्हता. जो प्रश्न विचारलाच नाही, त्याचं उत्तर तक्त्यात शोधून सापडणार नाही.

आता शेवटची तक्रार, आणि माझ्या दृष्टीनं ही सगळ्यात मोठी. हे सगळे तक्ते मत दिलेल्यांचे असतात. ज्याच्या कामानं त्याला मतपेटीपर्यंत पोचूच दिलं नाही, त्याचा त्यात पत्ता नसतो. गोव्याच्या कौलात गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांना मत नव्हतं. विलीनीकरणाच्या विरोधकांनी ते मागितलं होतं, पण मिळालं नाही. मुंबईतल्या कुडांमध्ये राहून बोटीची वाट बघणारा तारवटी, स्वयंपाकी, बँडवाला, यांच्या पैशावर गोव्यातली घरं चालायची. त्यांच्या गावाचं भवितव्य ठरलं तेव्हा ते कामावर होते.

माझा मामाही कामावर होता. २०२४चा गळीत हंगाम १५ नोव्हेंबरपासून, मतदान २० नोव्हेंबरला. दोन तारखांत पाच दिवसांचं अंतर, आणि मधे मामाचं घर ते उसाचा फड. कायदा वाचला तर त्यालाही पगारी सुट्टी आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात तशी तरतूद आहे आणि ती रोजंदारीवाल्यालाही लागू होते. पण सुट्टी देणार कोण? कारखाना म्हणतो तो आमचा कामगार नाही. मुकादमाकडे हजेरीपट नाही, नुसती वही आहे, आणि त्या वहीत सुट्टीला खाडा म्हणतात. सैन्यातल्या जवानाला टपाली मत आहे, निवडणूक ड्युटीवरच्या मास्तरला आहे. फडातल्या कामगाराला नाही.

स्थलांतरितांना दुसऱ्या ठिकाणाहून मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगानं एक यंत्र तयार केलं होतं. एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. ते दाखवायला आयोगानं १६ जानेवारी २०२३ला राजकीय पक्षांना बोलावलं. अनेक पक्षांनी आक्षेप घेतले, त्यातले काही इंजिनिअर म्हणून मलाही पटतात, आणि विषय तिथेच थांबला. यंत्रात दोष असतील तर ते दुरुस्त करता येतात. त्यासाठी ते कुणाला तरी तातडीचं वाटावं लागतं. किंवा यंत्रसुद्धा नको, हंगाम एक आठवडा पुढे ढकलला तरी माझा मामा मत देऊन गेला असता.

त्या दिवशी बूथवर रांगेत माझ्यापुढे बहुतेक म्हातारी माणसं होती आणि माझ्यासारखे पुण्या-मुंबईहून आलेले चारदोन जण. तक्त्यात माझी नोंद झाली असेल: वय वर्षं अठ्ठावीस, पदवीधर, व्यवसाय सॉफ्टवेअर इंजिनिअर. बोटाला शाई लागली, मी फोटो काढला आणि सवयीनं घरच्या ग्रुपवर टाकला. मामानं तो संध्याकाळी बघितला असणार, फडातून कोपीवर परत आल्यावर. त्यानं अंगठा पाठवला. मामीचा फोन आला, मत कुणाला दिलं ते तिनं विचारलं नाही. जेवलास का, एवढंच विचारलं, आणि कुलपाची किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे असं सांगितलं.