‘पश्चात’ आणि ‘माघारी’ : पालकत्वाच्या एका कलमाची भाषा

वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे महाशिवरात्रीची जत्रा भरते. तेथे येणाऱ्या यात्रेकरूस मार्कंडेयाची कथा नव्याने सांगावी लागत नाही. मृकंड ऋषीने पुत्रासाठी तप केले. दीर्घायुषी पण मंदबुद्धी पुत्र हवा की अल्पायुषी पण गुणी, असा पेच शंकराने घातला. ऋषीने दुसरा पत्करला. सोळावे वर्ष भरताच यम आला आणि मुलाने पिंडीला मिठी मारली. हीच कथा तमिळनाडूतील तिरुक्कडैयूर येथेही सांगितली जाते. तो स्थलमाहात्म्याचा वाद येथे बाजूस ठेवणे बरे. वाङ्मय म्हणून पाहता, मूल कोणाचे, हाच या कथेचा विषय होय. पित्याने ते मागून घेतले आहे, यमाचा त्यावर मुदतीचा हक्क आहे, आणि निकाल लागतो तो मुलाच्या मिठीने. माता कथेत आहे. परंतु प्रचलित कथनात वर मागणारी ती नव्हे आणि निवड करणारीही ती नव्हे.

मातेचे हे दुय्यमत्व पुराणापुरतेच असते तर त्याची एवढी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचे सहावे कलम वाचताना मात्र ते पुन्हा समोर येते. औरस मुलाचा व अविवाहित मुलीचा नैसर्गिक पालक पिता, आणि त्याच्या पश्चात माता, असा त्याचा आशय आहे. पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः मातेकडे असावा, अशी पुस्ती त्यास जोडलेली आहे. अंगावरचे मूल आईचे आणि निर्णय बापाचा, असाच त्याचा अर्थ व्यवहारात होतो.

मूळ इंग्रजी पाठातील शब्द साधा, क्रमवाचक आहे. मराठीत तो उतरविताना ‘पश्चात’ हाच शब्द हाताशी येतो, आणि त्याबरोबर मृत्युवार्तेची छायाही येते. ‘त्यांच्या पश्चात पत्नी व दोन मुले आहेत’ हे वाक्य वाचल्यावर कोणीही मनुष्य परगावी गेला असे समजत नाही. जिवंत माणसाच्या गैरहजेरीसाठी मराठीत ‘माघारी’ हा शब्द आहे. न्यायालयांनी या कलमाचा जो अर्थ लावला, त्याचे मर्म या दोन शब्दांतील अंतरात सापडते.

१९७० साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णीत केलेला जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान हा खटला विदर्भाच्या कूळकायद्याशी निगडित होता. मातापिता वीस वर्षांहून अधिक काळ विभक्त राहत होते. मुलगी आईपाशी होती, आणि तिची जमीन आईच खंडाने लावीत होती. पिता हयात असला तरी मुलीच्या बाबतीत तो नसल्यासारखाच आहे, असे मानून न्यायालयाने आईस नैसर्गिक पालक ठरविले. येथे आईचे पालकत्व सिद्ध झाले ते शेताच्या खंडपट्ट्यावरून, हे विसरता येत नाही. जमीन आणि मूल या दोहोंसाठी ‘ताबा’ हा एकच शब्द वापरणाऱ्या कागदोपत्री भाषेस यात काही विचित्र वाटले नसते.

पुढे लेखिका गीता हरिहरन यांचा खटला आला. १९८४ साली अल्पवयीन मुलाच्या नावे नऊ टक्के व्याजाचे रोखे घेण्यासाठी मातेने पालक म्हणून केलेला अर्ज रिझर्व्ह बँकेने पित्याच्या सहीसाठी परत पाठविला होता. सोबतच्या याचिकेत घटस्फोट आणि ताबा यांचा वाद होता. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यायालयाने कलम रद्द केले नाही. शब्दाचा अर्थ विस्तारला. पित्याची उदासीनता, उभयतांतील समजूत अथवा पित्याची असमर्थता, यांपैकी कोणत्याही कारणाने तो मुलाच्या संगोपनात अनुपस्थित असेल तर माता पालक होय. ‘पश्चात’ असे लिहिले होते, ते ‘माघारी’ असे वाचले गेले.

हे वाचन उदार आहे, पुरेसे मात्र नाही. पित्याची अनुपस्थिती दाखविण्याचा भार त्याने आईवरच ठेवला. विभक्त झाल्यावरही दोघेही मुलाकडे येत आहेत, एकाने शाळा पाहिली तर दुसऱ्याने आजारपण काढले, अशा दोन घरांच्या संसारास या वाक्यात जागा कोठे आहे? कोणी मेलेले नाही, कोणी माघारीही गेलेले नाही. क्रमवाचक शब्द सहभावाचे वर्णन करू शकत नाही. ही उणीव अर्थ लावणाराची नसून वाक्यरचनेची आहे. २०१५ साली विधि आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात मातापिता दोघांनाही एकाच वेळी नैसर्गिक पालक मानावे आणि संयुक्त ताब्याची तरतूद असावी, असे सुचविले. म्हणजे आयोगालाही शब्दाच्या विस्तारावर समाधान मानता आले नाही.

मार्कंड्याच्या जत्रेत येणाऱ्या सर्वांना हे कलम लागूही नाही. केंद्र शासनाने अन्यथा अधिसूचित केल्याखेरीज अनुसूचित जमाती या अधिनियमाच्या बाहेर आहेत. त्यामुळे चामोर्शीकडून येणारे गोंड कुटुंब आणि त्याच्या शेजारचे बिगर आदिवासी कुटुंब एकाच पिंडीपुढे उभे असले तरी त्यांच्या मुलांचे पालकत्व एकाच वाक्याने ठरत नाही.

न्यायालयापुढे पालक नेमण्याचा प्रश्न येतो तेव्हा १८९० चा पालक व पाल्य अधिनियम पाहावा लागतो. त्याचे सतरावे कलम मूल समजूतदारपणे पसंती सांगण्याइतके मोठे असल्यास ती पसंती न्यायालयाने विचारात घेण्यास मुभा देते. सक्ती करीत नाही. पुराणकथेत मात्र मुलाने मिठी मारल्यावर यमालाही पाश आवरावा लागला.